आबांच्या बंदुकीचा चाप

अत-बाशी,
९ फेब्रुवारी १९९८

चि. बुरुल हिस,

तुला, सेर्गेईला आणि छोटीला आईचे आणि माझे आशीर्वाद. इकडे बर्फ गुडघ्यापर्यंत आहे, वीज असली तर असते. आईची पाठ बरी आहे. तांबडी गाय आटली. ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणजे मी सध्या नावाचाच मिस्त्री.

मुलगी झाल्याची तुझी तार आबांनी स्वतः वाचली. तू न विचारता लग्न करून रशियात ओम्स्कला गेलीस तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं, हे तुला माहीतच आहे. तार घडी करून ते म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला लांडग्याचं नख बांधलंय का कुणी? तिकडच्या लोकांना काय कळतंय!" आणि उठून भिंतीवरची पाच गोळ्यांची ती जुनी बेशातार बंदूक खाली काढली.

गेल्या वर्षी लकव्याचा झटका आला तेव्हापासून त्यांच्या उजव्या हातात जोर नव्हता. तुला कळवायचं नाही अशी त्यांनीच शपथ घातली होती. बंदूक लष्करातली, चाप मुळातच जड. त्यांचं बोट त्यावर थरथरायचं आणि अर्ध्यातच थांबायचं.

"मी मारतो लांडगा," मी म्हटलं.

"मग ते नख तुझ्या लेकाला बांध. नातीसाठी मारायचा तर आजोबानेच. चाप गंजलाय, तेवढा बघ."

गंज कुठला! पोराबाळांपेक्षा जास्त त्या बंदुकीला ते जपायचे. मी चाप खोलला. आत दोन लोखंडी तुकडे एकमेकांवर घासतात, तिथे कारखान्यातल्या कानशीचे ओरखडे अजून तसेच होते. बारीक दगडावर तेल टाकून मी ते घासत बसलो. फार घासलं तर नुसत्या धक्क्याने बार उडायचा, म्हणून भीत भीत काम चाललं होतं. आबा शेजारी बसून बोलतच होते. "अरे, ट्रॅक्टर नाहीये तो, हळू!" मग रिकामी बंदूक घेऊन डोळे मिटून चाप ओढायचे. "अजून खरखरतंय. पुलावात खडा लागावा तसं." की मी परत खोलायचो.

एका दुपारी चाप सरळ मागे आला आणि टक् वाजलं. आबांनी डोळे उघडले. "बुरुलला कळव, म्हातारा अजून कामाचा आहे."

बुरुल, तुझं नाव घेतलं त्यांनी. आई चुलीकडे तोंड करून रडली.

नंतर मला हळूच म्हणाले, "बोट तेच आहे, हे मला कळत नाही होय रे? छान फसवलंस. आईला बोलू नकोस."

मग आम्ही मेंढवाड्याच्या वरच्या घळीत जाऊन बर्फात पडून राहिलो. मी सारखा परत चला म्हणत होतो, पण ते कुठले ऐकताहेत! उजाडताना लांडगा आला. आबांनी एकच गोळी झाडली. मी त्यांच्या बोटाकडेच बघत होतो. ते थरथरलं नाही.

उतरताना ते खोकत होते. थंडी छातीत बसली होती. इंजेक्शनं आणायला नारीन शहराकडे निघालो तर खिंड बंद. मी चाप हलका केला नसता तर ते वर गेलेच नसते. आईपाशी हे बोलायची माझी छाती होत नाही, म्हणून तुला लिहितो. तू रागावलीस तरी चालेल.

नख सोबत आहे. अंथरुणात बसून त्यांनी स्वतः ते चामड्यात शिवलं. डाव्या हाताचे टाके आहेत, वाकडे आलेत. उसवून नीट करायला जाऊ नकोस.

आबांची तब्येत आता कशी आहे, हे तू या ओळींत शोधत असशील. आपली रीत तुला ठाऊक आहे. काही बातम्या कागदावर लिहीत नाहीत, वडीलधाऱ्या माणसाने समोर बसून सांगायच्या असतात. एसेनकुल काका या वयात एवढा आगगाडीचा प्रवास करून आले, ते काही नुसतं माझं पत्र द्यायला नाही. छोटीला सेर्गेईकडे दे. पत्र खाली ठेव आणि काकांना बोलू दे.

तुझा,
आता या घरात थोरला झालेला,
मेदेत