सतरा नंबरच्या सिगारचे खरे गुण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सिगारची चव घेऊन गुण देणे, आता निवृत्त, कारखान्यात तराजूबाई म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत. डोके, डोळे आणि जीभ शाबूत आहेत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छातीही झाली नसती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम पहिले: व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीने करावी. ती दातांची डॉक्टर आहे. वीस वर्षे ती माझ्या दातांवरचा पिवळेपणा खरवडत "आत्या, आता तरी धूर सोड" म्हणत आली, आणि तोंडात तिचीच हत्यारे असल्यामुळे मला कधी उत्तर देता आले नाही. ते इथे देते. मी धूर छातीत कधीच घेतला नाही. तोंडात फिरवायचा, जिभेवर बसू द्यायचा, सोडून द्यायचा. पगार चवीचा होता, ओढण्याचा नव्हे.

कलम दुसरे: शिल्लक. बँकेत जे असेल ते भाचीचे. तिने ते मजेत उडवावे.

कलम तिसरे: हत्यारे आणि वह्या. सिगार छाटायची कात्री, ओलावा धरणारी लाकडी पेटी आणि शेऱ्यांच्या एक्केचाळीस वह्या कारखान्यात माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना द्याव्यात. सोबत बिनवासाच्या साबणाची एक वडी द्यावी, कारण हे गृहस्थ अंगाला अत्तर चोपडून चव घ्यायला बसतात आणि मग सगळ्याच सिगारींना फुलांचा वास येतो असे लिहितात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: दोन सिगारींच्या मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. सिगारचे तीन भाग मानावेत आणि तिसरा भाग संपेपर्यंत लेखणी उचलू नये. पहिल्या झुरक्याला गोड बोलणाऱ्या सिगारी आणि जावई पुष्कळ असतात. दिवसाला चारच घ्याव्यात. पाचवीला जीभ खोटे बोलू लागते.

कलम चौथे: उणीदुणी. जुने व्यवस्थापक अजून हयात आहेत. यांना सिगार आणि जळकी दोरी यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, तरी दर सभेत चवीवर भाषण तेच ठोकत. त्यांनी मला दिलेले सचोटीचे मानपत्र, चौकटीसह, त्यांना परत करावे. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे: कबुली. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. आता फाडणार नाही.

एकतीस वर्षांपूर्वी कारखान्यात खास टेबल सुरू झाले. सर्वांत महाग सिगारी तिथे वळल्या जाणार होत्या. चाळीस कारागिरांनी आपापली एकेक जुडी दिली. कारकुनाने ओळखीच्या पट्ट्या काढून नुसते नंबर लावले, म्हणजे कोणते काम कोणाचे ते मला कळू नये. नव्वद किंवा जास्त गुण पडतील त्याने खास टेबलावर बसायचे, बाकीच्यांनी यंत्राच्या खात्यात जायचे, असे ठरले होते.

सतरा नंबरची जुडी हातात घेतली आणि टोपीपाशी, जिथे वरचे पान मिटते तिथे, नखाची पुसट कोर दिसली. टोपी बसवली की अंगठ्याच्या नखाने एकदाच दाबायची सवय कारखान्यात एकाच माणसाला होती. तो माझा दादा. कारागीर ओळखू आला तर जुडी परत करायची, असा नियम होता. मी परत केली नाही. पेटवली.

पहिल्या भागात भाजलेले बदाम. मधल्या भागात नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास. शेवटी, जिथे भल्याभल्या सिगारी कडू होतात, तिथे नुसती ऊब आणि मिरीची एक टोचणी. राख अंगठ्याएवढी झाली तरी पडेना. चौऱ्याण्णव. जिभेला तिळमात्र शंका नव्हती, आणि माझी जीभ त्या दिवशीही चुकली नाही.

चुकला तो हात. मनात आले, लोक म्हणतील बहिणीने भावाला वर चढवले. परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेली मी पहिलीच बाई होते आणि माझे पाय ओढायला अर्धा कारखाना टपलेला होता. मी लिहिले, अठ्ठ्याऐंशी. शेरा लिहिला, "शेवटच्या भागात कडवट. हात ढिला." त्यातला एकही शब्द खरा नव्हता.

नावे उघडली तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. सख्ख्या भावालाही सोडले नाही म्हणून त्या दिवसापासून मी तराजूबाई झाले. मानपत्र मिळाले ते त्याबद्दलच, पुढे मुख्य परीक्षकाची खुर्चीही त्यामुळेच.

दादाला यंत्राच्या खात्यात पाठवले. तिथे तो बावीस वर्षे यंत्राच्या तोंडात पाने सारत राहिला. तो माझ्याशी भांडला असता तर मला सोपे गेले असते. भांडली ती वहिनी. तिने मरेपर्यंत माझ्याशी अबोला धरला आणि ती बरोबर होती. दादा मात्र ज्याला त्याला सांगे, "तिची जीभ चुकत नाही. माझाच हात गेला." त्यानंतर त्याने एकही सिगार वळली नाही. दर रविवारी माझ्याकडे येतो, समोर बसतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर तराजूबाई उरली नसती. दुसरे कारण कोणी शोधू नये. मला याची लाज वाटते.

सबब ती नोंद मी याद्वारे दुरुस्त करते. नंबर सतरा, गुण चौऱ्याण्णव, शेरा: दोष नाही. ही दुरुस्ती कारखान्याच्या फळ्यावर महिनाभर लावावी, आणि तीही माझ्या मरणाची वाट न पाहता, सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

कलम सहावे: घर. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या दादाला द्याव्यात. ही भरपाई नव्हे. बावीस वर्षे दोन खोल्यांत मावत नाहीत.

कलम सातवे. हे आज, सहीच्या आधी, पुढच्या खोलीत बसून वाढवले आहे. वकीलबाईंनी मजकूर वाचून दाखवला. शिंपी आणि वकीलबाईंचा कारकून साक्षीला आले होते. दादाला मीच बोलावले होते. हे त्याला माझ्या तेराव्याला कळावे, इतकी मी भित्री नाही. पाचवे कलम संपले तेव्हा त्याने वकीलबाईंना हाताने थांबवले.

"तो शेरा परत वाचा."

त्यांनी वाचला.

"म्हणजे माझा हात गेला नव्हता?" त्याने मला विचारले.

"नव्हता, दादा."

"आणि तुला तेव्हाच ठाऊक होतं."

"हो."

त्याने खुर्ची मागे सारली. मला वाटले, उठून जाईल. मग म्हणाला, "तुझी वहिनी शेवटपर्यंत हेच सांगत होती. मी तिलाच वेड्यात काढत आलो."



वकीलबाई घराचे कलम वाचू लागल्या, तर तो म्हणाला, "ते राहू द्या. साक्षीदार कोण कोण आहेत? कारकुनाच्या जागी मी सही करतो."

वकीलबाईंनी समजावले, की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये. केली तर मिळालेले हातचे जाते.

"मग घर पोरीला द्या. मला त्या चौऱ्याण्णवच्या खाली माझी सही हवी."

मी माफीचे बोलायला तोंड उघडले.

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "मला वेळ लागेल. तोवर तू जिवंत राहा म्हणजे झालं."

म्हणून सहावे कलम बदलून घर थेट भाचीला देत आहे. साक्षीदारांची माहिती भरताना कारकून दादाच्या नावापुढे "निवृत्त, यंत्र खाते" असे लिहू लागला होता. दादाने कागद त्याच्या हातून घेतला आणि ती ओळ स्वतः लिहिली. बाकी सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, सोमवार

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
खालच्या दुकानाचा मालक. वय एकावन्न. धंदा: शिवणकाम.

साक्षीदार दुसरा: (सही)
लिहून ठेवणारीचा थोरला भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. धंदा: सिगार वळणे.