तपकिरी तारेची गाठ

मंगळवार, ८ डिसेंबर

रेडिओस,

‘अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. वरची खाडाखोड त्याची आहे. आशीर्वाद द्यायचे की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

आम्ही इकडे ठीक. तुझी वहिनी सकाळी शाल गुंडाळून चहा करते आणि घरात मध्येच गार वारा सुटतो म्हणून माझ्या नावाने बोटं मोडते. घरं गरम करणारी मशीनं बसवणाऱ्या हीट पंपवाल्याच्या घरात थंडी! मी म्हणतो, वय झालं तुझं. ती म्हणते, “वय माझं झालं की मशीनचं, ते आधी बघा.” मशीन मी स्वतःच्या हाताने याच वर्षी बसवलंय, त्याला काय धाड भरलीय? असो. मावशीचे गुडघे कसे आहेत? तिला माझा नमस्कार सांग. तो खोडलेला नाही.

आता मुद्द्याचं. परवा बेकरीत गेलो होतो. काउंटरवरून बेकरीवाला ओरडला, “तुमचा माणूस येऊन गेला की! झकास झालं काम.”

“माझा कुठला माणूस? दुकानात मी आणि मांजर.”

“अहो तो, बडबड्या. पैसे घेईना. शेवटी गरम पाव दिला तो मात्र उभ्या उभ्या खाल्ला.”

तुझंच वर्णन. फुकट काम करणारा माणूस मला उभ्या जन्मात भेटलेला नाही. फुकटात फक्त गळाला लावायचं गांडूळ मिळतं, तेही माशाला.

मी बाहेरच्या मशीनचं झाकण उघडलं. डीफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या बोर्डाजवळ, तारांच्या टोकांना दोऱ्याच्या गाठी! एकीला एक, दुसरीला दोन. हे काय नवीन? गिऱ्हाइकांवर खुणा करत सुटलायस का? कुत्रं दिव्याच्या खांबावर करतं तशा?

बेकरीवाल्याने विचारलं, काय बिघडलं होतं. मी त्याला नेहमीचं सांगितलं: कडक थंडीत बाहेरच्या मशीनवर बर्फ धरतो. मग ते मध्येच उलटं फिरतं आणि थोडा वेळ स्वतःचं अंग शेकून घेतं. तेवढ्यात आत गार वारा येऊ नये म्हणून बोर्ड एका तारेतून आतल्या हीटरला सांगावा धाडतो, ‘बाबा रे, तू लाग’. बेकरीवाला म्हणाला, “तो सांगावाच पोचत नव्हता म्हणे.” म्हणे! माझ्या हातच्या कामात सांगावा पोचत नाही, हे मला पाववाल्याकडून कळायचं?

माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. भिंतीपलीकडचा व्हॉल्व्ह फुसकारला तरी सांगतो की गॅस कमी आहे. त्याच कानांनी उन्हाळ्यात ऐकलं होतं. मी व्हॅनमागे शिडी बांधत होतो आणि तू दातांच्या डॉक्टरीणबाईंना हळू आवाजात सांगत होतास, “परत काही झालं तर मला फोन करा. दादाला नको.” तू आणि हळू आवाज! तेव्हाच ओळखलं, माझी गिऱ्हाइकं फोडतोयस. त्याच संध्याकाळी दुकानाच्या किल्ल्या मागून घेतल्या. तू एक अक्षर बोलला नाहीस. खाई त्याला खवखवे. खवखवणारा गप्पच बसतो.

खरं सांगू? तू गेल्यावर दुकानात शांतता झाली, ती मला आवडली. जन्मभर तुझं चालूच: “घे दादा, तपकिरी. घे, ही हिरवी. ही लाल हं, दादा.” अरे, मला काय डोळे नाहीत? परवाना काढायला आपण एकाच दिवशी गेलो, तिथेही तू एवढ्या मोठ्याने बोलत होतास की डोळे तपासणाऱ्याने तुला हात जोडले.

परवाना कार्यालयाला द्यायची तक्रार लिहून ठेवली आहे. दुसऱ्याच्या जोडणीला परस्पर हात लावणाऱ्याचा परवाना जातो, हे तुला सांगायला नको. सोमवारपर्यंत तुझं म्हणणं कळव.

दुकानाचा मालक


शुक्रवार, १८ डिसेंबर

रेडिओस,

सोमवार गेला. ज्याला झोपेतही बोलल्याशिवाय राहवत नाही, त्याच्याकडून एक ओळ नाही. मी पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, “काका, मी पत्रं वाटतो, लिहीत नाही.” आगाऊ आहे, पण बरोबर आहे.

मग मी सापळा लावला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात उन्हाळ्यानंतर नवीन मशीन माझं मीच बसवलं होतं. परवा जाऊन बाहेरच्या झाकणाच्या फटीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली, अगदी कडेला, दिसणार नाही अशी. काल बघतो तर पट्टी जागेवर, पण सुरकुतलेली. उचलून पुन्हा लावलेली. तू माझी पट्टी ओळखलीस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून परत चिकटवलीस की मला मूर्ख समजतोस?

डॉक्टरीणबाई एका पेशंटच्या तोंडात बोटं घालून उभ्या होत्या. मी दारातूनच विचारलं, “आला होता?”

“आले होते. सकाळी माझा पेशंट भुलीमुळे थरथरतोय की वाऱ्यामुळे, तेच कळेना, म्हणून मीच बोलावलं.”

“मला का नाही बोलावलंत?”

त्या घुटमळल्या. पेशंट आ वासून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग म्हणाल्या, “तुम्हाला त्रास नको, असं तेच म्हणाले होते ना.”

“आणखी काय म्हणाला?”

“माझ्याशी काही नाही. तारांशी बोलत होते. ‘ही तपकिरी, दादा. ही हिरवी, दादा.’ मी विचारलं, दादा कुठेयत? तर हसले. म्हणाले, सवय लागलीय.”

म्हणजे गिऱ्हाइकासमोर माझी नक्कल! ते ऐकून माझ्या कानशिलात जाळ झाला. मी तिथे थांबलो नाही, तिथलं झाकणही उघडलं नाही. तडक बेकरीत गेलो आणि तिथल्या तारांवरच्या तुझ्या गाठी कात्रीने कापल्या. पुडी बांधली, तक्रारीच्या पाकिटात घातली आणि आज सकाळी पाकीट टपालपेटीत टाकलं. टाकल्यावर आत पडल्याचा आवाज ऐकला. खात्री केलेली बरी.

दुपारी जेवताना तुझी वहिनी एवढंच म्हणाली, “गाठी कशाला मारल्या असतील त्याने, विचारलंत का स्वतःला?” मी म्हटलं, खूण म्हणून. ती म्हणाली, “खूण कुणासाठी?” आणि ताट उचलून गेली. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय, म्हणून झोपायच्या आधी हे पत्र लिहायला बसलो. तुझ्याकडे उत्तर असेल तर दे. आता उशीर झालाय, तरी दे.

दुकानाचा मालक


बुधवार, २३ डिसेंबर

रेडिओ,

हे पत्र सावकाश वाच. मावशीला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

रविवारी दव गोठून अंगण पांढरं झालं होतं. वहिनी शाल घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “चला, तुमच्या कानांनी नाही, अंगाने ऐका.” मला भिंतीवरच्या जाळीखाली बसवलं. थोड्या वेळाने बाहेर व्हॉल्व्ह फुसकारला, पंखा थांबला, मशीन अंग शेकायला लागलं. आणि माझ्या टकलावर बर्फासारखा वारा. हीटर ढिम्म.

“वय झालं तुमचं,” वहिनी म्हणाली.

मीटर काढलं. चाचणीच्या पिना जोडून डीफ्रॉस्ट पुन्हा मुद्दाम चालू केला. बोर्डापासून सांगावा निघत होता, चोवीस व्होल्ट, अगदी ठणठणीत. आत हीटरपाशी शून्य. मग वीज बंद केली. बाहेर ती तार सोडवून तिचं टोक पिवळ्या तारेशी पिळलं (पिवळी मला दिसते), आणि आत येऊन पिवळीशी एकेक तार लावून बघत गेलो. जोडी जुळली की मीटर शिट्टी मारतं. हीटरला लावलेल्या तारेवर शिट्टी नाही. शिट्टी वाजली ती बाजूला गुंडाळून ठेवलेल्या, कशालाच न जोडलेल्या तारेवर. सांगावा थंडी पडल्यापासून त्या आंधळ्या टोकापर्यंत जाऊन परत फिरत होता.

“ही कुठली?” मी वहिनीला विचारलं.

“हिरवी.”

“आणि हीटरला लावलेली?”

“तपकिरी.”

मी दोन्ही हातात धरून उजेडाकडे नेल्या. रेडिओ, मला त्या जुळ्या बहिणी दिसतात. लहानपणापासून. जुन्या पुरवठादाराच्या केबलमध्ये तारांचा क्रम हाताला पाठ होता, म्हणून निभावलं. तू गेलास त्याच सुमाराला मी नवीन केबल आणली आणि क्रम बदलला.

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “मला माहीत आहे. तुम्ही माझ्या हिरव्या स्वेटरला मातकट म्हणालात तेव्हापासून.”

“कधी बोलली नाहीस!”

“बोलणार होते. रेडिओ म्हणाला, वहिनी, राहू द्या. तो सांगेल तेव्हा सांगेल. तोवर मी आहे ना बडबडायला.”

मग मी दवाखान्यात गेलो. तिथल्या गाठी शाबूत होत्या. झाकण काढलं, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपलं. एकीला एक गाठ, ती तपकिरी असणार; तू नेहमी तीच आधी सांगतोस. हिरवीला दोन. आत हीटरपाशी जाऊन चाचपलं. तिथेही एक आणि दोन. दोरा मेण लावून घट्ट ओढलेला, माझ्या राठ बोटांनाही कळावा असा. खूण कुणासाठी, याचं उत्तर माझ्या चिमटीत होतं. डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. मी डोळे उघडेना तेव्हा म्हणाल्या, “दुखतंय का कुठे?” धंद्याची सवय त्यांनाही सुटत नाही.

उत्तर का पाठवलं नाहीस तेही कळलं. स्वतःला सोडवायचं तर तुला एकच गोष्ट लिहावी लागली असती, आणि ती तुला लिहायची नव्हती. उन्हाळ्यात मी ऐकलं ते शब्द न् शब्द खरं ऐकलं होतं. माझे कान चोख आहेत. त्यापुढचं सगळं मी पदरचं घातलं.

आणखी एक. आता लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं. परवान्याच्या दिवशी पडद्याआड डोळे तपासत होते, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायचे होते. तू माझ्या आधी गेलास. तू एकेक आकडा असा ओरडून सांगितलास की रांगेतले हसायला लागले. मी पडद्याबाहेर उभा राहून ते पाठ केले आणि आत जाऊन म्हणून दाखवले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी चलाख. तुझ्या मूर्खपणाचा फायदा घेतला. अरे, तू तेव्हा विशीतही नव्हतास.

तक्रार परत मागायला सोमवारी कार्यालयात गेलो. बाई म्हणाल्या, पाकीट साहेबांपुढे गेलं, गाठींसकट. आता चौकशी होणारच. तुला बोलावणं येईल, कदाचित या पत्राच्या आधीच आलं असेल. नोंदलेली तक्रार फाडता येत नाही. पण मला जबाब देता येतो. मी त्यांना लेखी दिलंय की त्या तारा चुकीच्या मी लावल्या, बरोबर तू केल्यास, आणि गाठी कशासाठी आहेत ते मी तिथे येऊन सांगेन. तुझ्या परवान्याला धक्का लागणार नाही. माझं काय होईल ते मला माहीत आहे. साहेब तेच ठिपक्यांचं पुस्तक काढतील.

दुकान बंद होणार नाही. किल्ल्या या पाकिटात आहेत. गॅस, व्हॉल्व्ह, आवाज, गिऱ्हाइकाची समजूत घालणं, हे मी बघीन. तारा तुझ्या. बेकरीतल्या गाठी मी कापल्या, त्या पुन्हा मारून दे आणि एक पाव माझ्यासाठीही आण. आमच्या घरचं मशीन मुद्दाम तसंच ठेवलंय. झाकण उघडं आहे, वहिनी शाल पांघरून वाट बघतेय. तू ये, तारा हातात दे, आणि मोठ्याने सांग.

फक्त चौकशीच्या दिवशी एक कर. पुस्तक माझ्यासमोर येईल तेव्हा तू खोलीत असशील. आकडा तुला दिसेल. तुझ्या जिभेला खाज सुटेल. पण तेवढा वेळ गप्प बस, रेडिओ. साहेब विचारतील, यात काय दिसतंय? ‘काही नाही’ हे मला माझ्या तोंडाने म्हणू दे.

अनेक आशीर्वाद. आधीच्या दोन पत्रांत राहिलेलेही यातच आले असं समज.

तुझा
दादा