कुंवारा पंचमीला जेवून आलो

प्रिय शिर्‍या,

आज तुझ्या घरी जेवून आलो. तू नव्हतास, तुझंच श्राद्ध होतं. पोट तुडुंब भरलंय आणि डोकं असं फिरलंय की कुणाशी तरी भांडल्याशिवाय चैन पडणार नाही. दिल्याशी भांडून उपयोग नाही, तो नुसता हसतो. म्हणून तुला लिहितोय. तू निदान मध्ये तोंड घालणार नाहीस. पहिल्यांदाच!

आज कुंवारा पंचमी. लग्न न होता गेलेल्यांची तिथी. छत्तिसाव्या वर्षी, टकलावर चार केस उरलेले असताना, तुला त्या पोरांच्या पंगतीत बसवलं भिया! मला हसू आलं आणि तुझा रागही. कोणी सांगितलं होतं सांवेर रोडने अंधारात गाडी हाणायला? पुढे बिनदिव्याची ट्रॉली... जाऊ दे. त्यावर बोलायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

बोलायचंय तुझ्या त्या 'झांकी होऊ दे, मग बघू'बद्दल.

मिल चालू होती तोवर ठीक होतं. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघणार, ट्रॉल्यांवर हलते-डुलते देव, लाइटिंग, सगळं इंदूर रस्त्यावर. तू महिनाभर घरी फक्त आंघोळीला यायचास. मग मिलला टाळं लागलं. पगार बंद, पण तुझी झांकी चालू! वर्गणी काढून, उधारीवर बांबू आणून. त्या हत्तीची सोंड आठवते? मॅटाडोरच्या वायपरची मोटर लावलीस आणि ऐन राजवाड्यासमोर सोंड वरच अडकली. हत्ती बिचारा पूर्ण रस्ताभर सलाम ठोकत गेला, आणि लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं तसंच आहे! काय हसलो होतो रे... मी कुठे होतो?

हां. तुझ्या आईने, आमच्या काकूंनी, मुलीचा फोटो पुढे केला की तू म्हणायचास, "झांकी होऊ दे." झांकी झाली की लगेच श्राद्धपक्ष, त्यात लग्नाचं कोण बोलतो? मग नवरात्र, मग दिवाळी, मग "मिल का फैसला आने दो", मग "एवढ्या गर्मीत वरात?", मग चातुर्मास, आणि बघता बघता परत गणपती! वर्षात एक दिवस रिकामा सोडला नाहीस. एवढं डोकं दुसऱ्या कशात लावलं असतंस तर?

आणि आम्ही दोघं तुझे चेले. दिल्याला पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये नोकरीत पक्कं करत होते, तर हा म्हणतो, "नको, बांधून घेतील." मी टेम्पो चालवला, सांवेरला सोयाबीन तोललं, बी.ए. अर्धवट सोडलं, परत धरलं, परत सोडलं. कुठे टिकलो नाही की तू पाठ थोपटायचास, "नंद्या आपला आजाद पंछी आहे!" अरे, पंछीसुद्धा चार काड्या गोळा करतो, येड्या!

आता तर तुझं काय, मजाच आहे. कोणी फोटो दाखवत नाही, कोणी विचारत नाही. सगळा मोहल्ला तुला संत बनवून बसलाय. यंदा तुझ्या नावाने झांकी काढली, माहितीय? आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

मीना तुला आठवते ना, तू तिला 'मास्तरीण' म्हणायचास? सुदामा नगरच्या शाळेत शिकवते अजून. गणपती बसायच्या आधी तिने शाळेच्या फाटकाशी मला धरलं.

"नंदू, माझ्या दादाशी आपल्या लग्नाचं कधी बोलतोस?"

"यंदा शिर्‍यासाठी झांकी काढतोय ना आपण. ती होऊ दे, मग..."

ती चिडली नाही, रडली नाही. रिक्षाला हात केला. "शिर्‍यादादाला जाऊन वर्ष उलटलं," म्हणाली, "तुझ्या तोंडून अजून तोच बोलतो. नवरात्राच्या पहिल्या दिवशी उज्जैनची मंडळी मला बघायला येणार आहेत. मुलगा बँकेत आहे. या वेळी मी नाही म्हणणार नाही."

आणि मी काय केलं? झांकीचे बल्ब लावले. झांकी झाली, श्राद्धपक्ष लागला, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं! चला, पंधरा दिवस तर कोणीच काही बोलू शकत नाही. म्हणजे बघ, तुझा रोग किती मुरलाय.

आज जेवताना काकूंनी ताटात वडे वाढले आणि एकदम म्हणाल्या, "पोटभर जेवून घ्या दोघंही. श्रीकांतची पंचमी घालायला मी तरी आहे. तुमची कोण घालणार?"

दिल्याला हसता हसता ठसका लागला. "क्या काकू, अपन तो अमर हैं!"

मी हातातला वडा परत ताटात ठेवला. काकूंनी ते बघितलं. "नंदू, त्या मास्तरणीचं काय झालं?"

सांगितलं सगळं. उज्जैन, बँक, नवरात्र.

"मग इथे वडे काय खातोयस? जा ना तिच्या दादाकडे!"

"काकू, श्राद्धपक्षात? लग्नाचं बोलायला?"

"पितरांचं मी बघते," काकू म्हणाल्या. "आमचा एक बसलाय तिथे, तेवढं तरी काम करेल."

मग खीर आणायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. खीर दिल्याने वाढली. आम्ही दोघं खाली मान घालून जेवलो. शिर्‍या, त्या माउलीने तुझ्यासमोर किती फोटो धरले असतील रे! एकदा तरी नीट बघायचंस. नाही म्हणायचंस, पण बघून तरी म्हणायचंस!

तर ऐक. उद्या सकाळी मी मीनाच्या दादाकडे जातोय. दिल्या सोबत येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. तो आला की आम्ही वाटेत पोहे खायला थांबणार आणि तिथेच दुपार होणार. दादाने विचारलं, काय करतोस, तर सांगेन, नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवर बसतो, गणपतीच्या आधीपासून बसतोय आणि पुढेही बसणार आहे. तो म्हणेल, भर श्राद्धात आलास, अक्कल आहे का? म्हणू दे. मीना म्हणेल, उशीर केलास. म्हणाली तर तिचं बरोबरच आहे.

भीती वाटतेय? वाटतेय भिया. पण तुला वचन देतो. विचारायचं ते माझ्या तोंडाने विचारीन, आणि उत्तर हो असो की नाही, ते पुरतं ऐकून मगच त्या घराची पायरी उतरेन.

तुझ्यावर अजून चिडलेला,
नंद्या