माळ्यावरचं बिऱ्हाड

वरंध

प्रिय ज्योती,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं हे वाचून जिवात जीव आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही माझी इच्छा तुला ठाऊक आहे. पण गणपतीत जे झालं, त्यानंतर ते बोलायला मला तोंड नव्हतं. देवाच्या पायाशी बसायचं सोडून उंदराने जावयाची टाच कुरतडली. शेजारची तुळसा अजून आळीभर सांगत फिरते, "वयनीच्या घरचा उंदीर मानपान जाणतो, आधी जावयाचे पाय धरतो." जितेशरावही हसले, पण इंजेक्शनसाठी त्यांना महाडला जावं लागलं. मग तुझ्या सासूबाईंचा निरोप आला, अशा घरात बाळंतीण नको. त्यांचं काहीच चुकलं नाही.

तेव्हापासून मी उंदरांच्या मागे लागले. सापळ्यात भजी ठेवली, तर भजी जायची आणि सापळा तसाच. औषध आणायचं म्हटलं तर तुळसाने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणे, घरात त्याचं नाव काढायचं नाही, उंदरांना ऐकू जातं. म्हणून आम्ही दोघी 'पाव्हण्यांचं जेवण' म्हणायचो. पाव्हणे जेवले नाहीत, तिची कोंबडी जेवली. त्यावरून आमचा अबोला झाला. वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची शेवटची पानंही गेली. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकलेली मी, एवढं जाड पुस्तक पहिल्यांदाच हाती घेतलं होतं. त्यातली बाई घरी परतली की नाही, ते उंदरांनाच माहीत.

अबोला सुटला तशी तुळसा शिडी घेऊनच आली. म्हणाली, "खाली काय सापडनार नाय. माळ्यावर चल. उंदरांना बिऱ्हाड तूच दिलंस गो." मी गुडघे दुखतात म्हटलं, तिने ऐकलं नाही. माणूस गेला की दिवस झाल्यावर त्याचे कपडे कुणाला तरी द्यायचे असतात. मी तुझ्या बाबांचे दिले नव्हते. गाठोडं बांधून वर ठेवलं होतं, आणि शेजारी त्यांनी स्वतः निवडून पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी. ते गेल्यापासून पेरणीला मी दुसऱ्यांकडून बी आणते, पण ती मुडी सोडली नाही. जुनं बी रुजत नाही हे मला कळत होतं. उंदरांना आणखी काय हवं? खायला भात, निजायला कोट. मुडी उचलली तर हातात नुसता पेंढा आणि तूस आलं. कोटाच्या अस्तरात पिल्लं होती. मला बघवेना, तुळसानेच ती सुपात घालून ओढ्यापलीकडे नेली.

मग माळा झाडला. बिळांत काचा घालून वर सिमेंट भरलं, भात पत्र्याच्या पिंपात ठेवलं. तुळसाचं मांजर आता इथेच मुक्कामाला असतं. अमावास्येपासून एक लेंडी दिसलेली नाही. घर मोठं झाल्यासारखं वाटतं, झोपही लागते. बाबांची आठवण यायची तशी येतेच, पण आता शेतात येते, अंगणात येते. खात्री करायला जितेशरावांना आधी पाठव. एक रात्र माळ्याखाली पाय पसरून निजू देत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गाठोड्याच्या तळाशी बाबांची काही धोतरं शाबूत निघाली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालीत की तसं कापड दुकानात मिळायचं नाही. ती मी उकळून घेतली, कडक उन्हात वाळवली आणि बाळासाठी लंगोट नि दुपटी बेतली. तुळसा म्हणते, गेलेल्या माणसाची कापडं बाळाला लावू नयेत. मी तिला म्हटलं, ज्योती याच धोतराच्या सोग्यात निजायची. पण मूल तुझं आहे. तुझ्या किंवा सासूबाईंच्या मनाला पटत नसेल तर सरळ लिही, मी नवं कापड आणीन, रागावणार नाही. तू मात्र ये. तुझं उत्तर येईपर्यंत मी शिवत बसते.

तुझीच,
आई