डावी बाही सोडून सगळं

ती. आक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकलीत असं समज. गुडघे आता माझं ऐकत नाहीत आणि त्यांची समजूत घालत बसलो तर पत्र राहून जाईल.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? फोनवर विचारलं की तू "बरं आहे" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, म्हणून या वेळी कागदावर विचारतोय. कागदही ठेवून देता येतो, पण त्याआधी तो वाचावा लागतो. इकडे आम्ही सगळे खुशाल. हिची कंबर हिच्या म्हणण्याप्रमाणे सारखी दुखते आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे मी काम सांगितलं की दुखते. लेक मजेत आहे, तिला आता बसल्या जागेवरून उठायला जावईबापूंचा हात लागतो. पत्राला विशेष कारण असं काही नाही. सहज लिहितोय.

मी निवृत्त झालो हे तुला माहीत आहेच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जन्मभर नळांचे नकाशे काढले आणि घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात हिच्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला. सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. मीठ आणि साखर यांची उंची नेमकी सारखी निघाली, त्यामुळे शेजारी शेजारी आली, आणि पुढचं तुला सांगायला नको. हिने तो चहा शांतपणे मलाच पाजला आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चालणाऱ्या हस्तकला वर्गात माझं नाव घालून आली. मला न विचारता. "दोन्ही हात गुंतून राहतील असं काहीतरी शिकवा," असं तिने तिथल्या बाईंना बजावलं म्हणे. वर्गात मी एकटाच पुरुष. बाकी सगळ्या बायका, त्याही अशा की गप्पा मारताना खाली न बघता विणतात. मला खाली बघूनही काही दिसत नव्हतं.

आधी शुभेच्छापत्रं शिकवली. माझं पहिलं कार्ड शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या वाढदिवसासाठी. (तुला आठवतील. जिन्यात भेटून तुझ्या अक्कलदाढेची चौकशी करणारे तेच.) बाई म्हणाल्या होत्या, घरात असेल ते वापरा, साधंच करा. आता साधं करायचं म्हटलं तरी मला आधी आराखडा लागतो. कार्ड समोरून कसं दिसेल ते काढलं, बाजूने कसं दिसेल ते काढलं, मधोमध कापलं तर कसं दिसेल तेही काढलं. आत कागदाचं सूर्यफूल आणि देठाच्या जागी जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग. कार्ड उघडलं की फूल डोलत वर यावं अशी कल्पना. पण स्प्रिंग दबून राहायची तर कड चिकटवायला हवी, आणि जन्म गळत्या बंद करण्यात गेलेला माणूस एक कड चिकटवून थांबत नाही. मी चारही बाजू पक्क्या केल्या, वरून पट्टी मारली आणि तिच्यावर शब्दकोश ठेवला. डॉक्टरांनी कार्ड नखाने उघडून पाहिलं, सुरीने पाहिलं, आणि मग त्यांचा चेहरा एकदम दवाखान्यातला झाला. आतून चिमटा आणला, दिवा जवळ ओढला, "मूळ खोल आहे" म्हणाले आणि एका कोपऱ्यापासून हलवत हलवत कार्ड सैल करत आणलं. शेवटची कड सुटली तेव्हा सूर्यफूल डोललं वगैरे नाही, उडालं. त्यांच्या कपाळावर आपटून चहाच्या कपात पडलं. डॉक्टरांनी ते चिमट्याने कपातून बाहेर काढलं आणि सवयीने मलाच म्हणाले, "आता दोन तास काही खाऊ नका."

तिथून मी विणकामाकडे वळलो. ते मला अगदीच परकं नव्हतं. लहानपणी तूच मला समोर बसवून लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवायचीस. (हात गुंतवून ठेवायची युक्ती आपल्या घरातल्या बायकांना तेव्हापासून ठाऊक आहे.) टाके घालणं, एक सुई सुलट, एक सुई उलट, सगळं आठवत गेलं. अडचण वेगळीच निघाली. बाई म्हणाल्या, "काका, तुमचा हात एकसारखा नाही. मनातलं सगळं लोकरीत उतरतंय." मी चिडलो की टाके आवळतात, खूश असलो की सुटतात. हिच्यासाठी मफलर केला, तो वीतभर रुंदीने सुरू झाला, मध्येच नाडीएवढा झाला आणि पुढे टॉवेल झाला. हिने तो मांडीवर पसरला, चष्मा लावला आणि चक्क वाचायला लागली. नाडीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे माझा भाऊ राहायला आला होता." मी म्हटलं, छे, ते डिझाइन आहे. तिने बोट पुढे सरकवलं. "आणि इथे तो गेला." टॉवेल बरोबर तिथूनच सुरू होत होता. तेव्हापासून, आक्का, या घरात मनात काही ठेवायची सोय उरलेली नाही. मी काहीही विणलं की ही ते वाचते.

त्यानंतर एकाच लोकरीतून जावईबापूंना टोपी आणि विहीणबाईंना किटलीचं आवरण केलं. दोन्ही एकाच मापाची झाली (जावईबापूंचं डोकं लहान आहे असं मी म्हणत नाही, विहीणबाईंची किटली मोठी आहे) आणि पार्सलं बांधताना अदलाबदल झाली. जावईबापू सगळी थंडी किटलीचं आवरण घालून कामावर गेले. तोटीसाठी ठेवलेल्या भोकातून त्यांचा उजवा कान बाहेर येतो. मला मुद्दाम फोन करून म्हणाले, "बाबा, फोनसाठी एक कान मोकळा ठेवलात, किती बारीक विचार केलात!" मी म्हटलं, हो, केला खरा. तिकडे विहीणबाईंची किटली गोंड्याची टोपी घालून बसते आणि चहा ओतायच्या वेळी टोपी काढते. पाहुण्यांना फार कौतुक वाटतं म्हणे, किटली सलाम करते म्हणून.

आता बाळाच्या स्वेटरचं सांगतो. लेकीची गोड बातमी कळली तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता. आपल्या घरातलं प्रत्येक मूल दवाखान्यातून घरी येतं ते तुझ्या हातच्या स्वेटरमध्ये. तुझा लेक तसा आला, माझी लेक तशी आली आणि मीसुद्धा तसाच आलो, तू शाळेत असताना विणलेल्या तुझ्या पहिल्यावहिल्या स्वेटरमध्ये. त्या फोटोत माझी एक बाही कोपरापाशीच संपलीय आणि दुसरी बोटांच्याही पुढे लोंबतेय. मी कॅमेऱ्याकडे न बघता त्या लोंबणाऱ्या बाहीकडेच टक लावून बघतोय. तर मी फोन केला आणि तू म्हणालीस, "नाही रे. हे गेल्यापासून सुया हातात धरवत नाहीत. तूच कर." आणि ठेवलास. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. तुझा विणकामाचा डबा कपाटावर गेला तो खाली आलेला नाही, हे मला माहीत आहे. मागे आलो तेव्हा त्याच्यावर सुटकेस ठेवलेली पाहिली. फार वाईट वाटलं मला, आक्का. पण तू "तूच कर" म्हणालीस आणि तुझी आज्ञा मोडण्याची हिंमत या वयातही होत नाही, म्हणून बसलो करायला.

पाठ आणि पुढचे दोन्ही भाग फर्मास झाले (मेहुणा परगावी होता). बाह्यांनी मात्र नाकी नऊ आणले. मध्ये लेकीला एक दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. काळजीचं काही नाही असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पण मी बाहेरच्या बाकावर बसून उजवी बाही विणली ती इतकी आवळली की तिच्यात माझी करंगळी जाईना. शेवटी सुईच बाहेर यायला तयार नव्हती, नर्सने ओढून काढली. संध्याकाळी "सगळं छान आहे, घरी न्या" म्हणाल्या आणि मी त्याच आनंदात डावी घेतली. तिच्यात बाळ दुपट्यासकट मावलं असतं. दोन्ही उसवल्या.

मग हिने जाहीर केलं की बाह्या होईपर्यंत मला घरात कसलीही भावना होता कामा नये. बातम्या बंद, क्रिकेट बंद, मेहुण्याला फोनवरसुद्धा बंदी. जेवणात तिखट नाही, गोड नाही. दवाखान्यातला पेशंटसुद्धा माझ्यापेक्षा चवीने जेवत असेल. भांडणही बंद. उलट ही माझ्याशी अदबीने वागायला लागली. "आपण चहा घेणार का?" असं विचारायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला कधी 'आपण' म्हटलेलं नाही. ते ऐकून माझे टाके पुन्हा करकचून आवळले. ही बघून म्हणाली, "जाऊ दे, ओरडतेच." मग ओला टॉवेल, उघडा नळ, हरवलेली किल्ली अशा नेहमीच्या विषयांवरून तिने मला फैलावर घेतलं आणि काय सांगू, हात झुळझुळ चालायला लागला. उजवी बाही हिच्या बोलण्याच्या तालावर सुरेख उतरली. डावी मात्र काही केल्या होईना. अर्ध्यावर आली की शेजारचे डॉक्टर डोकावून "पेशंट कसा आहे?" विचारायचे आणि मला हसू फुटून टाके सुटायचे. एकदा मनगटापर्यंत छान आली, तर दारात जावईबापू, एक कान बाहेर काढून उभे. उसवली. डावी बाही माझ्या हातात नाही हेच खरं.

असो. खोकल्यावर औषध घे, आणि घेतलंस म्हणून खोटं सांगू नकोस. हिचा नमस्कार.

तुझा,
खोडरबर

(शाळेत मी चित्र काढण्यापेक्षा खोडायचो जास्त, म्हणून तू ठेवलेलं नाव. या नावाने हाक मारणारी आता तू एकटीच उरलीस, तेव्हा जपून राहा.)

ता. क. पार्सलमध्ये काय आहे असा प्रश्न तुला पडला असेल. स्वेटर आहे. डावी बाही सोडून सगळं आहे. उरलेली लोकर ठेवलीय, सुयाही ठेवल्यात, म्हणजे तुला कपाटावरचा डबा काढायला नको. (काढलास तर काढ.) लोकर जरा कुरळी दिसेल, ती माझ्या उसवण्यामुळे. बाळाला यायला अजून महिना आहे, तेवढ्यात तू तर दोन स्वेटर करायचीस. नाहीच जमलं तर तसाच परत पाठव, आम्ही बाळाचा एक हात आत ठेवू.

पुन्हा ता. क. सोबतचं कार्ड माझ्या हातचं आहे. उघडलं नाही तर वाफेवर धर आणि तोंड लांब ठेव. आत काय लिहिलंय ते आता मलाच आठवत नाही, उघडलंस तर कळव. किटलीबद्दल कुणाकडे बोलू नकोस.

वन्संना नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून मला वाचायला मिळालं. पाकीट यांनी चिकटवलं असतं तर तुम्हालाही मिळालं नसतं. लिहिलंय ते सगळं खरं आहे, माझ्या कमरेचं आणि डाव्या बाहीचं सोडून. शेजारचे डॉक्टर डोकावतात, जावईबापू येतात, पण त्यांच्यामुळे एक टाकाही सुटला नाही. डावी बाही झाली होती. उजवीला लावून पाहिली तर टाक्याला टाका जुळला. स्वेटर शिवून, बटणं लावून टेबलावर ठेवला होता, मी चार जणींना दाखवूनही आले. परवा सकाळी अंघोळ करून बाहेर येते तर हे खिडकीपाशी बसून ती बाही उसवताहेत. मी ओरडले. तर वर न बघता म्हणाले, "आक्काला काहीतरी ठेवायला हवं ना."

तेव्हा वन्सं, एवढं करा. हात पूर्वीसारखा चालला नाही तर न चालू दे. मध्येच आवळला तरी चालेल, सैल पडला तरी चालेल, यांच्या फोटोतल्यासारखी बोटांच्या पुढे लोंबली तरी चालेल. फोनवर तुम्ही "बरं आहे" म्हणता, त्यातून मला काही कळत नाही. बाही पाठवा. मी वाचीन.