बंकटच्या फ्रिजमधले रोल

२ नोव्हेंबर, परळी

माजलाय मेला बंकट्या! फ्रिज भरून कॅमेऱ्याच्या रोलचे डबे. त्याच्या स्टुडिओत येईल त्याला दार उघडून दाखवतो. मी एकच मागितला, काळा-पांढरा — तर चारचौघांत म्हणतो, “मंगल, रोल म्हंजे काय भुईमुगाच्या शेंगा हायेत का, मूठमूठ वाटायला?” सगळ्यांनी दात काढले.

चुलतभाऊ म्हणायचा! माझ्या आण्णांच्या कॅमेऱ्यावर शिकला हा. माझ्याबरोबरच.

४ नोव्हेंबर

मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला. “ताई, माल नाही. कंपनी रोल पुढे काढणार की बंद करणार, आम्हालाच माहीत नाही.” मग दुकान कशाला उघडं ठेवलंय, म्हणलं. फोनच ठेवला त्यानं!

आईला काय सांगू? तिला भिंतीवर आण्णांच्या शेजारी तसलाच फोटो पाहिजे, रोलवरचा. “मोबाईलमधी मी पिठात पडल्यावानी दिसते. मी हाय तवर काढा.” पाय सुजलेत तिचे. दम लागतो.

दिवसभर पासपोर्ट फोटो काढले. संध्याकाळी आण्णांचा कॅमेरा पुसला, रोल पुढं सरकवायचा दांडा ओढून बघितला. आत रोल असला की दांड्याबरोबर डावीकडची चकती फिरते. नसला की ढिम्म. आखाडापासून ढिम्मच हाय.

९ नोव्हेंबर

धर्मापुरीला आईकडं गेलते. बंकट्या देवळाशी! एवढ्या कोरीव मूर्ती सोडून शेळ्यांचे फोटो काढतोय — खटाखट, खटाखट. लांबूनच बघितलं अन् जीव जळाला. आग लागो त्याच्या फ्रिजला!

१२ नोव्हेंबर

आज आईनंच घाव घातला. “तुझ्याच्यानं व्हत न्हाई तर बंकटला बोलव. लई रोल हायेत म्हणं त्याच्याकडं.” लेकीनं जन्म कॅमेऱ्यावर काढला, अन् आईचा फोटो पुतण्यानं काढायचा! रडले. मग नाक मुठीत धरून फोन केला. आधी लई आढेवेढे घेतले त्यानं. शेवटी, “काकूसाठी येतो.” उपकार!

१६ नोव्हेंबर, धर्मापुरी

आई सकाळपासून इरकली लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर. शेजारणीकडून पावडर लावून घेतलेली. मला काम काय — उजेडासाठी पांढरी चादर धरून उभं राहायचं! गड्यासारखं! वर, “मंगल, हलू नको,” म्हणून दटावतो.

“काकू, हनुवटी वर. हां, अश्शी.” खटाक. त्यानं त्याच्या कॅमेऱ्याचा दांडा ओढला. मी डावीकडंच होते. चकती फिरली न्हाई.

म्हणलं, आपलीच नजर चुकली. परत खटाक. ढिम्म. तिसऱ्यांदा मी चकतीवरच डोळा ठेवला. वर बघितलं तर तो माझ्याकडं बघत होता. गच्च घामेजलेला.

म्हंजे ते डबे? शेळ्या? सगळं रिकामंच?

तोंड उघडलं होतं मी. आता सोडत न्हाई ह्याला! तेवढ्यात आई म्हणली, “आजून एक काढ रं बंकट, हासताना.” अन् हसली. आण्णा गेल्यापासून अशी हसली नव्हती.

चादर जरा वर धरली.

२१ नोव्हेंबर

आईचा फोन. फोटो कधी येतो? म्हणलं, बंकटदादानं लई झाक काढलाय, रोल धुवायला पुण्याला पाठवलाय. आताशा लई दिवस लागतात.