राजपुत्राची पाठ

२ जानेवारी, सकाळी सहा.
आजपासून रोज लिहायचं. नव्या पिक्चरचं शूटिंग आठवड्यावर आलं. डायरेक्टर मी, नायकही मीच. राजपुत्र, वय बावीस. माझं एकोणपन्नास, पण कॅमेरामन सख्खा मेहुणा आहे आणि पावडर स्वतःची. कंपनीच्या मालकांनी शब्द दिलाय, हे पिक्चर चाललं तर पुढच्यातही नायक मीच. नाही तर ते नवा मुलगा बघणार. बघू देत. संकल्प: रात्रीचं जेवण बंद, रोज शंभर जोर.

३ जानेवारी.
जोर नऊ. पहिल्या दिवशी घाई करू नये. रात्री जेवलो, सौ.नं वाढलंच होतं.

९ जानेवारी.
शूटिंग सुरू. सगळं काम उन्हात. ढग आला की हातावर हात ठेवून बसायचं. राजपुत्रानं घोड्यावर झेप घ्यायची होती. मी घेतली. घोडा पुढे सरकला. भाचा राजपुत्राचा मित्र झालाय. तो म्हणाला, मामा, लांबून पाठमोरं घेतलंत तर मी चढतो, कपडे तेवढे द्या. कपडे दिले. सौ.नं कंबर टाचून दिली. बरीच टाचावी लागली. पाठमोरा राजपुत्र रहस्यमय दिसतो. कल्पना खरं तर माझीच.

१४ जानेवारी.
नायिकेला उचलून जिना चढायचा सीन. तीन पायऱ्या झाल्या. चौथीवर डायरेक्टर म्हणून विचार केला, स्त्रीलाही स्वाभिमान असतो. ती स्वतः चालत जाईल. नायिकेनं आभार मानले. मेहुणा म्हणाला, दाजी, फार पुढचा विचार आहे हा. संध्याकाळी सौ. माझी कंबर शेकत होती.

२० जानेवारी.
तलवारबाजी. पाठमोरी.

२७ जानेवारी, दुपार.
आज माझा दिवस. विरहाचा क्लोज-अप. अकरा वेळा घेतला. दर वेळी डोळ्यांत खरं पाणी. पहिल्या खेपेनंतर कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा बदलला. आधी नेहमीची खरखर, मग कसा हलका, मऊ. मेहुणा हातानं दांडा फिरवतो, त्याच्या हाताला भावना कळतात. दर वेळी म्हणायचा, दाजी, हा आधीच्यापेक्षा सरस. सौ. कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होती. डबा घेऊन आली होती, तशीच थांबली.

११ फेब्रुवारी.
सौ. खिडकीशी बसून फिल्मचे तुकडे जोडतेय. आमच्या पिक्चरची जोडणी तीच करते, हात बसलाय. मी म्हटलं, विरहाचे अकराही ठेव. म्हणाली, आहे तेवढं सगळं ठेवते.

२५ फेब्रुवारी.
पहिला खेळ. मालक शेजारी. राजपुत्र घोड्यावर झेपावला, टाळ्या. तलवारबाजी, शिट्ट्या. मी उठून नमस्कार केला. मागच्यांनी खाली बसवलं. मग विरह. माझा चेहरा आला, मी श्वास घेतला, सोडला, तोवर पडद्यावर चंद्र. उरलेले दहा कुठे गेले?

२६ फेब्रुवारी.
मेहुण्याला धारेवर धरलं. खाली मान घालून म्हणाला, दाजी, कच्ची फिल्म मोजकीच उरली होती. पहिल्यानंतर कॅमेरा रिकामा फिरवला. मग थांबा म्हणायला काय झालं होतं, असं विचारलं. म्हणाला, जिवावर आलं, तुम्ही इतकं मनापासून रडत होता. ताईच म्हणाली, फिरव तसाच.
ताई म्हणजे आमची सौ. तडक घरी गेलो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, पहिला छान होता हो. बाकीचे दहा मी बघितले ना.


३ मार्च.
मालकांनी बोलावलं. पिक्चर तुफान चाललंय. मी नव्या कथेची वही काढली. ते म्हणाले, त्या पाठीला चेहरा असेलच, तो आधी दाखवा. भाच्याला नेलं. पुढचा नायक तो. डायरेक्टर मी, शिवाय त्याचा बाप: आजारी राजा, सगळी भूमिका पलंगावर, दोन रिळांत आटोपतो. मोठं आव्हान आहे. नुसत्या पापण्यांनी अभिनय.
बाहेर आल्यावर भाच्याचा चेहरा पडलेला. म्हणाला, मामा, मी नाही म्हणून सांगतो. मी म्हटलं, वेडा आहेस का, घोड्यावर मला चढायचंय की तुला? जोर काढतोस का रोज, विचारलं. शंभर काढतो म्हणाला. विषय बदलला.

५ मार्च.
राजासाठी खोटी दाढी बनवायला सौ.ला सांगितलं. दाट हवी, आणि पांढरी. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. म्हणाली, बनवायची कशाला? दोन आठवडे वस्तरा लावू नका.